चोडणच्या बांधावर आमचा फ्लेक्स

पत्रक लिहिताना मागणी पहिल्या ओळीत घालायची असते. खाली गेली की कुणी वाचत नाही. कॉलेजपासून मी सीमाभागात पत्रकंच लिहीत आलेय, म्हणून इथंही तसंच करते. मला दोन दिवस झोप हवी होती, ती मिळाली नाही. चोडण बेट देखणं आहे, जरूर जाऊन या. पण पौर्णिमेला तिथल्या खाजनात तंबू ठोकू नका, आणि ठोकलातच तर तिथं काम करणारी बाई काय सांगते ते ऐका. एवढं वाचून थांबलात तरी चालेल. पुढचं आहे ते आमच्या घरचं आहे.

निघण्याआधी

मी येळ्ळूरची. बेळगावच्या दक्षिणेला आमचं गाव, भातासाठी प्रसिद्ध आणि मराठीसाठी पोलिसांच्या काठ्या खाल्लेलं. या गावात मराठी शाळेला पहिलीत पोरं मिळत नाहीत. हे वाक्य मी वर्षभर भाषणात म्हणते आणि लोक टाळ्या वाजवतात. टाळ्या वाजवून झाल्या की घरी जातात आणि सकाळी त्यांच्या पोरांना इंग्रजी शाळेची पिवळी गाडी न्यायला येते.

उन्हाळ्यात आमची पटनोंदणीची मोहीम असते. ‘आपली मुलं आपल्या शाळेत’ हे पत्रक घेऊन दारोदार फिरायचं. यंदा बोलून बोलून माझा घसा बसला. टाचांना भेगा पडल्या. प्रत्येक ओसरीवर पाणी मिळतं, चहा मिळतो, “व्हय व्हय, बघू की” मिळतं. पोर मिळत नाही. आणि घराघरात एक प्रश्न ठरलेला: “तुझ्या अण्णाची मित्रा कुठल्या शाळंत जाणार गं?”

मित्रा माझी भाची. संघमित्रा हे पूर्ण नाव, यंदा पहिलीला. आमच्या अण्णाला तिनं कुठंही शिकावं, फक्त शिकावं. अण्णा उद्यमबागेत लेथवर काम करतो, घरी आल्यावर त्याला आवाज नको असतो. अडलं होतं ते वहिनीचं. दीपा वहिनी निपाणीची. तिच्या आईनं जन्मभर विड्या वळून तिला नर्स केलं. सरकारी नोकरीच्या परीक्षेला ती दोनदा बसली, दोन्ही वेळा सगळ्या पेपरांत वर आणि कन्नडच्या सक्तीच्या पेपरात खाली. आता बेळगावात खाजगी दवाखान्यात पाळ्या करते. तिनं ठरवल्यासारखं केलं होतं, की मित्राला कन्नड शाळेत घालायचं. इंग्रजी सुद्धा नाही, कन्नड! मी पत्रक काढणार आणि माझी भाची कन्नड शाळेचा गणवेश घालून माझ्याच दारातून बाहेर पडणार.

“आपल्या घरातल्या भिंतीवरच्या फोटोनं शिका म्हणून सांगितलंय, वन्सं,” वहिनी म्हणायची. “कुठल्या भाषंत ते सांगितलं न्हाय.”

“आपले आजोबा ज्या शाळंत दाराबाहेर बसून शिकले ती शाळा हाय ती,” मी म्हणायची. “ती बंद पडू देणार तू?”

असं रोज. शेवटी अण्णा म्हणाला, “बुद्धपौर्णिमेला जोडून सुट्टी टाकतो. कुठंतरी पाण्याच्या कडंला जाऊन राहू. तिथं काय ते ठरवा, न्हायतर तिथंच सोडून येतो दोघीस्नी.” त्याच्या जुन्या ओम्नीत स्टोव्ह, तांदूळ, खिरीचं सामान, कुंद्याचा डबा आणि कारखान्यातल्या मित्राकडून आणलेला तंबू भरला. तंबूच्या छताला भोकं होती. त्यावर घालायला मी आमच्या सीमाप्रश्नाच्या मोर्चातला जुना फ्लेक्स घेतला. आमच्या घरात फ्लेक्स कधी वाया जात नाही. त्याचा वरचा अर्धा आधीच मागच्या अंगणात जळण झाकायला घातला होता. खालचा अर्धा मी गुंडाळून गाडीत टाकला. त्यावर काय छापलंय हे बघायचं आमच्या कुणाच्या मनात आलं नाही. रोज बघितलेली अक्षरं दिसायची बंद होतात.

चोर्ला

जांबोटीवरून चोर्ला घाटाची वाट धरली. कणकुंबीच्या पुढं गाडी सावलीला लावून भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. हवा गार होती, पण अंगातला थकवा असा मुरलेला की गारव्यानं उलट हुडहुडी भरल्यासारखं वाटत होतं. आजूबाजूच्या याच रानातून म्हादई निघते. घाट उतरली की तिची मांडवी होते आणि समुद्राला मिळायच्या आधी फुगून, फाटून बेटं करते. त्यातलं मोठं बेट चोडण. म्हणजे आम्ही निघालो होतो ते आमच्याच तालुक्यातल्या पाण्याच्या मागोमाग. या पाण्यावरून कर्नाटक आणि गोव्याचा तंटा चालू आहे. त्यात आम्हाला कुणी विचारत नाही. आम्हाला कशातच कुणी विचारत नाही, पण ते भाषण राहू दे.

गोव्याच्या हद्दीवर पोलिसानं गाडीचा केए बावीस नंबर बघितला आणि खिडकीत वाकून म्हणाला, “एल्लिगे होगतीरी?” कुठं चाललात, एवढंच. गोव्याचा पोलीस, आणि त्यालाही आमच्याशी कन्नड बोलायची हौस!

मी समोर बघत बसले. मला कन्नड येतं. शाळेत शिकलेय, बाजारात ऐकलंय, तहसीलदार कचेरीत शिव्यांसकट पाठ झालंय. पण कॉलेजात असताना ठरवलं, की समोरच्याला मराठी कळत असेल वा नसेल, मी कन्नडमधून उत्तर देणार नाही. दुकानात वस्तू न घेता परत आलेय, बसमधून एकदा उतरलेय, पण बोलले नाही. वहिनीनं माझ्या अंगावरून वाकून त्याला उत्तर दिलं. हसून दिलं. तो पण हसला. गाडी सुटली.

“ठसका लागलाय का वन्सं?” वहिनी म्हणाली. “पानी देऊ?”

अण्णानं रेडिओ लावला.

खाजन

डिचोलीवरून मये, आणि मयेच्या पुढं कधी बेटावर आलो ते कळलंच नाही. एका बाजूनं रस्त्यानं जाता येतं, दुसऱ्या बाजूनं फेरीबोटीनं. मला वाटलं होतं बेट म्हणजे चारी बाजूनं निळं पाणी आणि मधे नारळ. इथं निम्मं बेट शेतं आहेत. मातीचे लांब बांध घालून खारं पाणी अडवलंय आणि आत भात काढतात. त्या जमिनीला खाजन म्हणतात. मे महिन्यात कापणी होऊन रान उघडं पडलेलं, भेगाळलेलं. बांधापलीकडं खारफुटी आणि तिच्या पायाशी चिखल. वास असा की खारवलेली मासळी आणि ओली माती एकाच पिशवीत घातल्यासारखा. मित्राला तो वास फार आवडला.

बांधाच्या आतल्या अंगाला आंब्याच्या सावलीत तंबू ठोकला. वर फ्लेक्स ओढला, छापील बाजू आत, कारण पांढऱ्या बाजूनं ऊन कमी लागतं. अण्णा आणि वहिनी घागर घेऊन पाणी शोधायला गेले. मी आणि मित्रा सतरंजीवर पडून राहिलो. इतकी दमलेली होते मी, की पायातली चप्पल काढायचा कंटाळा आला होता.

तेवढ्यात बांधावरून एक बाई उतरली. डोक्याला टॉवेल, हातात घमेलं. बांधाची डागडुजी चालली होती त्या कामावरची. घाम पुसता पुसता तिची नजर आमच्या गाडीच्या नंबरावर गेली आणि तिचा चेहरा खुलला. माहेरचं माणूस भेटावं तशी ती कन्नडमधून सुसाट बोलत सुटली. आपण कोप्पळकडची, नवरा इथंच कामाला, तुम्ही बेळगावचे काय, हे सगळं एका दमात. मग तंबूकडं बोट करून, हात हलवून म्हणाली, “हुण्णिमी ऐतरी, इल्ली ब्याडरी, नीर बर्तैतरी.”

पौर्णिमा आहे, इथं नको, पाणी येतंय. मला शब्द न् शब्द कळला.

मी आडवी पडूनच मराठीत म्हटलं, “एका दिवसाचा प्रश्न आहे, बाई. उद्या जाऊ.”

तिला कळलं नाही. तिनं तेच परत सांगितलं, हळू, जणू मी ऐकायला कमी आहे. मी मान हलवली. ती घमेलं उचलून गेली, जाताना दोनदा मागं वळून बघितलं.

“आत्या, काय म्हणाली गं ती?” मित्रानं विचारलं.

“कायबी न्हाय. गाडी कुठली विचारत हुती.”

आता कुणी म्हणेल, हिला दुष्टपणा करायचा होता. तसं नाही. समोर भेगाळलेलं रान होतं, नदी बांधापलीकडं खाली चिखलात पडलेली. पाणी कुठून येणार? आम्ही घाटावरची माणसं. आमच्याकडं पाणी वरून येतं, नाहीतर नळातून. चंद्र बघून येणारं पाणी आम्हाला ठाऊक नाही. आणि दुसरं, मी ऐकलं असं दाखवलं असतं तर मला कळलं असं झालं असतं.

संध्याकाळी वहिनीनं खीर केली. पांढरी साडी नेसून स्टोव्हपाशी बसली, अण्णानं बांधावर मेणबत्त्या लावल्या, आम्ही वंदना म्हटली. खाडीवर चंद्र तांब्याच्या ताटासारखा वर आला. वहिनी खूश होती. मित्राला मांडीवर घेऊन म्हणाली, “असलं शांत बसायला शेवटचं कधी मिळालतं आठवत न्हाय.” शाळेचा विषय कुणी काढला नाही. उरलेली खीर पातेल्यात झाकून ठेवली, सकाळसाठी.

बांध

उजाडता उजाडता मित्रा ओरडली, “अण्णा, माझी चप्पल पवतीया!” अण्णाला ती पप्पा म्हणत नाही, घरात सगळे म्हणतात तेच म्हणते.

मी उठले तर सतरंजी ओली. तंबूच्या तळाशी पाणी, गार, खारट. बांधाला एके ठिकाणी लाकडी दार असतं, त्यातून भरतीचं पाणी खाजनात घेतात, मासळी धरायला. आम्ही नेमके त्याच्या वाटेवर. पाणी कुठं घोट्याला, कुठं पोटरीला, पण ते थांबायचं नाव घेत नव्हतं. वहिनीनं मित्राला काखोटीला मारलं. अण्णानं पहिल्यांदा खिरीचं पातेलं उचललं, मग स्टोव्ह, मग माझी बॅग. ओम्नी बांधावर उभी होती म्हणून वाचली. तांदूळ गेला. आमच्या येळ्ळूरचा बासमती चोडणच्या कोळंब्यांनी खाल्ला.

बांधावर सगळं वाळत घालायला लागलो. मित्रा ओल्या फ्रॉकमध्ये कुडकुडत उभी होती. तिनं सगळं आठवून आठवून सांगायला सुरुवात केली. “काल ती बाई आलती. नीर नीर म्हणालती. आत्या म्हणाली, गाडी विचारतीया.”

वहिनी पिळत असलेला टॉवेल तसाच धरून माझ्याकडं बघत राहिली. टॉवेल झटकला आणि पाठ फिरवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

अण्णानं फ्लेक्स बांधाच्या उतारावर पसरला. चिखल धुऊन निघावा म्हणून छापील बाजू वर. लाल अक्षरं, हातभर उंच, नदीच्या पलीकडून वाचता यावीत अशी: ‘महाराष्ट्रात गेलेच पाहिजे!’ कोण गेलं पाहिजे ते वरच्या अर्ध्यावर होतं. वरचा अर्धा येळ्ळूरला जळणावर.

अर्ध्या तासात स्कूटरवरून माणसं आली. एक तरुण, चड्डी आणि फुटबॉलचा शर्ट, खाली उतरायच्या आधीच बोलायला लागला. “ह्ये किदें? गाडी कर्नाटकाची, बोर्ड महाराष्ट्राचो? उदक व्हरतात, आतां गांवय व्हरतले?”

पाणी नेता, आता गावही नेणार का! मला एका क्षणात दोन्ही राज्यांचं पाप एकदम चिकटलं. ज्या कर्नाटकाच्या काठ्या खाल्ल्या त्याची मी चोरटी प्रतिनिधी, आणि ज्या महाराष्ट्रानं अजून घेतलं नाही त्याच्या वतीनं गोवा बळकावायला आलेली. मी उभी राहिले, ओल्या सलवारीत, आणि भाषण सुरू केलं. भाषावार प्रांतरचनेपासून. घसा बसलेला, त्यामुळं आवाज फाटत होता. जितकं बोलावं तितकी माणसं वाढत होती. फोन काढून कुणीतरी चित्रण करायला लागलं.

“वन्सं, आवाज आधीच गेलाय तुमचा,” वहिनी मागून म्हणाली. “बसा की जरा.” आणि पुढं होऊन तिनं फ्लेक्सचं एक टोक उचललं. “दादा, हे बघा. आमच्या गावच्या मागणीचा हाय ह्यो. अर्धा. गाव दुसऱ्या अर्ध्यावर ऱ्हायलं. तंबूला भोकं हाईत म्हणून आणला. रात्री तुमच्या पाण्यात बुडालो. तुमचं गाव घिऊन आमी काय करू, आमचंच आम्हास्नी सांभाळंना.” आणि फ्लेक्स उलटा करून परत पसरला.

एक म्हातारा हसायला लागला. टोपी, कमरेला पंचा, हातात कोयती. बाकीच्यांकडं वळून कोंकणीत काहीतरी म्हणाला, ते पण हसले. फुटबॉलवाला मात्र शेवटपर्यंत हसला नाही. जाताना माझ्याकडं बघून म्हणाला, “तुमी घांटी मरे सगळे एक.” घाटावरचे सगळे सारखे. मराठी, कन्नड, हा भेद त्याला घाटाखालून दिसत नव्हता. आणि मी आयुष्य त्या भेदावर काढलेलं.

शाळा

म्हाताऱ्याचं नाव पुंडलीकबाब. आमच्याकडं पाण्याच्या पहिल्या घोटाआधी आडनाव विचारतात, जात कळावी म्हणून. त्यानं विचारलं, “नदी तुमच्याकडे उगमाला केवढी असते?” अण्णानं हात पसरून दाखवलं. तो बराच वेळ त्या दोन हातांमधल्या जागेकडं बघत राहिला.

त्यानं सामान सुकवायला आणि राहायला एक जागा दिली. वाड्यातली, म्हणजे त्यांच्या वस्तीतली, कौलारू इमारत, लांब ओसरी, समोर मैदान आणि चिंच. दाराला कुलूप. किल्ली त्याच्याच घरी असते. कुलूप उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. भिंतीवर मराठी बाराखडी. क का कि की, प्रत्येकापुढं चित्र. कमळ, काठी, किल्ली. आमच्या शाळेतली हीच, हाच हिरवट रंग.

“मराठी शाळा?” मी म्हटलं. “गोव्यात?”

“आम्ही घरात कोंकणी उलयतो, वाचतो मराठी. माझा बाप वाचायचा, मी वाचतो. ही शाळा बापानं आणि चार जणांनी पुढे होऊन उभी केली.”

“बंद कुणी केली?”

“कोणी नाही.”

“असं कसं? सरकारनं आदेश काढला असेल. मास्तर काढून घेतला असेल. दुसऱ्या भाषेची सक्ती...”

“सक्ती कोण करतो?” तो म्हणाला. “सुनेनं नातवाला फेरीतून पलीकडे इंग्लिश शाळेत घातलं. शेजाऱ्यानं बघितलं, त्यानंही घातलं. एके वर्षी जून आला, घंटा दिली, कोणी भुरगें आलं नाही. मास्तरीण दोन दिवस बसली बिचारी.”

मी बाकावर बसले. मी कितीतरी पत्रकं लिहिलीत. प्रत्येकात एक ‘त्यांनी’ असतो. त्यांनी पाट्या काढल्या, त्यांनी शाळा तोडली, त्यांनी काठ्या चालवल्या. ते सगळं खरं आहे, आमच्याकडं घडलेलं आहे, एक शब्द मागं घेणार नाही. पण इथं ‘त्यांनी’च नव्हते. कुणावर मोर्चा न्यायचा? म्हाताऱ्याच्या सुनेवर? अंग असं जड झालं की त्या लहान बाकावर मान टेकून मी तिथंच झोपले. सगळ्या प्रवासातली खरी झोप तीच.

उठले तर ओसरीवर जेवण चाललं होतं. त्यांच्या घरून उकड्या तांदळाची पेज आली होती, सुका बांगडा भाजून, कैरीचं लोणचं. आमच्याकडं भात मोकळा, सुवासाचा, शिताला शीत न लागणारा. इथला जाड, लालसर, पोटात दगडासारखा बसणारा. पण पेजेच्या वाटीनं अंगात जीव आला. आम्ही वाचवलेली खीर त्यांना दिली. पुंडलीकबाबच्या बायकोनं विचारलं, कसली खीर? वहिनी म्हणाली, आमच्या बुद्धाच्या जन्माची. “आमचे कृष्णाचे लाडू, तशी,” ती म्हणाली आणि बोट चाटलं.

अण्णाला काजूचा हुर्राक मिळाला. मग तो बोलायला लागला, पुंडलीकबाब पण. गोव्यानं महाराष्ट्रात जायचं की नाही याचा कौल झाला तेव्हा त्याचा बाप जाऊया म्हणणारा आणि मामा नको म्हणणारा. सख्खे शेजारी. त्याच्या आईला भावाच्या घरी जायची बंदी. “विहीर एक होती,” तो म्हणाला. “आई आणि मामी पाण्याला एकदम जायच्या, काही बोलायच्या नाहीत. नुसती घागर एकमेकींच्या डोक्यावर चढवून द्यायच्या.”

वहिनी जेवता जेवता थांबली होती.

फेरीबोट

दुसऱ्या दिवशी बेटाला वळसा घातला. सांगण्यासारखं पुष्कळ आहे. खारफुटीच्या आतून जाणारी वाट, मुळं चिखलातून वर बोटं काढून बसलेली. एक निळा खंड्या, त्याला बघून मित्राचा थांबलेला श्वास. पांढरं चर्च, त्याच्या पुढच्या वळणावर देऊळ, दोघांच्याही दारात एकाच फेरीवाल्याची एकच सायकल, मागं पावाची टोपली, पों पों भोंगा. गरम पाव आम्ही नुसतेच खाल्ले. बांधावर कोप्पळची बाई दिसते का म्हणून मी बघत होते. काम दुसऱ्या टोकाला सरकलं होतं, ती दिसली नाही.

परतताना फेरीबोटीनं पलीकडं रायबंदरला उतरायचं होतं. बोटीवर गाड्या, स्कूटर, माशांच्या टोपल्या आणि एक अख्खी वरात उभी. अण्णा मित्राला घेऊन कठड्याशी गेला. वहिनी आणि मी ओम्नीच्या सावलीत.

“तुमास्नी समजलंतं,” वहिनी म्हणाली. “त्या बाईचं सगळं.”

“व्हय.”

“माझी पोरगी झोपलीती तिथं, वन्सं.”

पत्रकात अशा जागी उद्गारचिन्ह येतं. तिथं इंजिनाचा आवाज तेवढा होता.

“मी किती रडले असंन त्या पेपरापायी, तुमास्नी ठावं हाय,” ती म्हणाली. “तुमास्नी फुकट येतंय आणि तुमी दातात धरून बसता. मला येत न्हवतं म्हणून माझी नोकरी गेली. तुमास्नी येतंय म्हणून आमी बुडालो.”

बोट मध्यावर आली होती. घाटावरचं पाणी खालून जात होतं, गढूळ, रुंद, कुणाचंच नसल्यासारखं.

“मित्राला तुमच्या शाळंत घालते,” वहिनी म्हणाली.

मी तिच्याकडं वळले.

“ते रिकामं बाक बघितलं मी त्या शाळंतलं. नको वाटलं मला. आपल्या गावात तसं नको.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “पर एक सांगते. रोज संध्याकाळी तिला कन्नड तुमी शिकवायचं. मी न्हाय, मला धड येत न्हाय. शिकवणीवाला न्हाय. तुमी. ओसरीवर बसून, सगळ्यांदेखत. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी तिचं नाव काढते आणि तिकडं घालते.”

“वहिनी, अगं, गाव काय म्हणंल? पोरं माझ्या तोंडावर...”

“ते तुमी बघा,” ती म्हणाली. “मोर्चे तुमी काढता. मी न्हाय.”

बोट धक्क्याला टेकली. लोखंडी फळी खाली पडली तसा सगळ्यांनी एकदम हॉर्न वाजवला.

घरी

मित्राचं नाव आमच्या शाळेत घातलं. पहिलीचा वर्ग उभा राहिला. बाई म्हणाल्या, यंदा निभावलं, पुढच्या उन्हाळ्यात परत फिरावं लागेल. मला माहीत आहे. टाचा अजून भरल्या नाहीत.

फ्लेक्सचा खालचा अर्धा पण आता जळणावर टाकलाय, वरच्याला लागून. खारं पाणी लागलेलं, अक्षरं जराशी उडालेली. पण दोन्ही मिळून परत पूर्ण वाचता येतं.

ओसरीवर पहिल्या संध्याकाळी पाटी घेऊन बसलो तेव्हा समोरून मोहिमेतली पोरं मोटरसायकलवरून गेली. पुढं जाऊन वळून परत आली. एकानं गाडी बंद केली नाही, नुसता पाय टेकला.

“आक्का, ही कसली अक्षरं वो?”

“कन्नड.”

“चेष्टा करताय व्हय?”

“न्हाय.”

ती हसत निघून गेली, आणि वळणावर त्यातला एकजण मोठ्यानं काहीतरी म्हणाला. ते इथं लिहीत नाही. चार दिवसांनी मोहिमेच्या बैठकीचा मला निरोप आला नाही. मी तशीच गेले आणि मागं बसले. पत्रक कुणी लिहायचं यावर गाडी अडली, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी लिहिलं. घरी दिवेलागणीला परत यायचं होतं म्हणून जरा घाईत लिहिलं.

पण पहिल्या संध्याकाळचं राहिलं. मी मुळाक्षरांपासून सुरू करणार होते, सगळे करतात तसं. मित्रानं पाटी बाजूला सारली.

“आधी ते सांग. ती बाई काय म्हणालती?”

आत वहिनीच्या भांड्यांचा आवाज थांबला.

मी तिला ते सगळं वाक्य म्हणून दाखवलं, त्या बाईच्याच चालीवर. हुण्णिमी ऐतरी, इल्ली ब्याडरी, नीर बर्तैतरी. कित्येक वर्षांनी माझ्या तोंडातून ती भाषा मोठ्यानं निघत होती, आणि जीभ अजिबात अडखळली नाही याचाच मला राग आला.

“म्हंजे?”

मी शब्द एकेक करून सांगितले. मित्रानं ते बोटांवर धरले, मग परत विचारलं, “म्हंजे ती आपल्यास्नी उठा म्हणत हुती?”

“व्हय.”

“मग तू का उठली न्हाईस?”

मी पाटी परत तिच्या मांडीवर ठेवली आणि तिचा हात धरून पहिलं अक्षर काढलं.